वही कोण तपासतं?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला होता ‘परदेशातील आठवणी’. पण काल रात्री पिठलं-भाकरीच्या पंगतीत आपल्या वर्गातले सुभेदारसाहेब मला म्हणाले, “अगं, तू म्हणे तिकडं लायब्ररीत लष्कराच्या चौकशांची पुस्तकं सांभाळत होतीस. लष्करावर नजर ठेवायची ही भाषा आम्हाला काही आवडत नाही बघ.” मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. रात्री झोप लागली नाही. या जिल्ह्यात घराघरातून माणूस फौजेत गेलाय, माझे दोन चुलतेही गेले होते. म्हणून ठरवलं, आठवणी राहू देत, सुभेदाराला नीट उत्तर द्यावं.

मी बाल्टिमोरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं काढली. माझ्याकडे सरकारी प्रकाशनांचा विभाग होता. अमेरिकेत अशी पद्धत आहे की संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, समित्यांपुढं ज्या उघड सुनावण्या होतात, त्यांचं शब्दन् शब्द छापलं जातं आणि ते खंड देशभरच्या ठरावीक ग्रंथालयांत फुकट पाठवले जातात. कुणीही यावं, वाचावं. मी आधी नुसते त्यांचे शिक्के मारायची. पुढं वाचायला लागले. त्यातले १९७१ सालचे खंड मी पहिल्यांदा उघडले आणि मला आपली सातवी ब आठवली. का, ते सांगते.

१९७२ सालचा दुष्काळ. आपण सातवीत होतो. सुकडीचा वास अजून नाकात असेल तुमच्या. मी वर्गाची मॉनिटर होते. आपल्या वर्गशिक्षिका बाईंनी मला एक चाळीस पानी वही दिली आणि सांगितलं, “ऑफ तासाला जे गडबड करतील त्यांची नावं लिही.” काम एवढंच. बाई रोज संध्याकाळी वही बघायच्या, हसायच्या, एखाद्याला दटावायच्या, पान उलटायच्या. मग बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. बदली सर आले. त्यांना वही फार आवडली. त्यांनी ती कधी वाचून पाहिली नाही, फक्त “आज कोण कोण?” एवढं विचारायचे. मी काय करावं? मी जास्त लिहायला लागले. कोण उशिरा आलं, कोणाचा गणवेश मळका, कोण मधल्या सुट्टीत हद्दीबाहेर गेलं, कोणी कोणाची चिठ्ठी नेली. कुणी सांगितलं नव्हतं. वही होती, पेन्सिल होती, आणि कुणी थांबवत नव्हतं.

एका मुलीच्या नावापुढं मी ‘उशीर’ असं सतरा वेळा लिहिलं. सर तिला बाहेर उभं करायचे. तिची आई खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची आणि ती पाणी भरून, धाकट्या भावाला कुणाकडं तरी ठेवून शाळेत यायची. हे मला नंतर कळलं. बाई परत आल्या, त्यांनी एका बैठकीत ती वही पहिल्या पानापासून वाचली आणि मला दोनच गोष्टी विचारल्या. “हे सगळं लिहायला तुला कुणी सांगितलं?” आणि “उशीर का होतो, हे तिला विचारलंस का?” तोवर ती मुलगी शाळेत यायची बंद झाली होती.

आता बाल्टिमोरला येऊ.

या शहराच्या एका कडेला फोर्ट होलाबर्ड नावाची लष्करी छावणी होती. १९७३ साली ती बंद झाली, आता तिथं गोदामं आणि कारखाने आहेत. साठच्या दशकात अमेरिकी भूदलाच्या गुप्तवार्ता विभागाची शाळा तिथं होती, आणि देशांतर्गत कामाचं मुख्यालयही तिथंच. या विभागाचं देशातलं नेमकं काम काय? सैनिकांची आणि लष्करी कारखान्यांतल्या कामगारांची पार्श्वभूमी तपासणं, छावण्यांची सुरक्षा पाहणं. कंटाळवाणं पण आवश्यक काम.

मग १९६७ चा उन्हाळा आला. डेट्रॉइटमध्ये वर्णसंघर्षातून दंगल पेटली, त्रेचाळीस माणसं मेली, आणि राष्ट्राध्यक्षांनी लष्कराच्या छत्रीधारी तुकड्या शहरात उतरवल्या. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि शंभरावर शहरांत आगी लागल्या. वॉशिंग्टनमध्ये, शिकागोत आणि आमच्या बाल्टिमोरमध्येही लष्कर उतरलं. आता सुभेदारसाहेब, तुम्हीच सांगा. तुम्हाला उद्या एखाद्या अनोळखी शहरात पलटण घेऊन पाठवलं, तर तुम्ही आधी काय मागाल? नकाशा मागाल. पोलीस ठाणी, इस्पितळं, पाण्याच्या टाक्या कुठं आहेत ते विचाराल. लोक का चिडलेत, कोण पुढारी आहेत, कुणाशी बोलायचं, हेही विचाराल. लष्कराने तेच मागितलं. त्यात चूक काहीच नव्हती. माझी वहीसुद्धा चुकीची नव्हती, पहिली आठ-दहा पानं.

पण दंगलीचा अंदाज घ्यायचा, तर मोर्चांवर लक्ष हवं. मोर्चांवर लक्ष ठेवायचं, तर मोर्चे काढणाऱ्यांवर. मग त्यांच्या सभांवर, त्यांना वर्गणी देणाऱ्यांवर, त्यांच्याशी बोलणाऱ्यांवर. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलणारे प्राध्यापक, पाद्री, विद्यार्थी, सगळे वहीत. जवळपास एक हजार साध्या वेशातले लष्करी माणूस, सुमारे तीनशे कार्यालयांतून, देशभर हे काम करत होते. रोजचे अहवाल टेलिप्रिंटरवरून होलाबर्डला यायचे. तिथं त्यांची कार्डं होत, आणि त्या काळात नवलाई असलेल्या संगणकातही ती भरली जात. पुढं सिनेटच्या एका समितीने अंदाज केला, की साठच्या दशकाच्या मध्यापासून १९७१ पर्यंत सुमारे एक लाख माणसांच्या नावाने लष्कराकडे कागद तयार झाले होते.

काय लिहिलेलं असायचं त्यात? खंडांत वाचताना हसू येतं आणि मग हसू थांबतं. शिकागोत १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं, तिथं लष्कराची माणसं टीव्हीचे वार्ताहर बनून, कॅमेरा घेऊन, आंदोलकांच्या मुलाखती घेत फिरली. वॉशिंग्टनमध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांची हॅलोविनची मेजवानी होती. भुताखेतांचे मुखवटे घालून पोरं खाऊ खातात, तो सण. तिथंही लष्कराचे लोक हजर, कारण कुणी एक चळवळ्या तिथं येईल असा संशय होता. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात मिलिटरी इंटेलिजन्स, असं समजा.

हे सगळं बाहेर कसं आलं? सुभेदारसाहेब, माझं उत्तर इथं सुरू होतं. हे कुठल्या वर्तमानपत्रवाल्याने शोधून काढलं नाही, कुठल्या विरोधी पक्षानेही नाही. ते बाहेर काढलं एका लष्करी माणसाने. ख्रिस्तोफर पाइल हे त्यांचं नाव. कॅप्टनचा हुद्दा. फोर्ट होलाबर्डच्या त्याच शाळेत ते अधिकाऱ्यांना कायदा शिकवायचे. तिथं असताना त्यांना या कामाचा पसारा कळला. लष्करातून बाहेर पडल्यावर, विद्यापीठात पुढचं शिक्षण घेत असताना, त्यांनी जानेवारी १९७० मध्ये ‘वॉशिंग्टन मंथली’ नावाच्या मासिकात लेख लिहिला. मासिक तेव्हा नवंकोरं, वाचक थोडे. पण लेख असा काही फुटला की बस.

आणि पाइल एकटे राहिले नाहीत. त्यांनी शंभरावर माजी लष्करी हेरांना गाठलं आणि ते बोलले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉन ओब्रायन या माजी लष्करी हेराने उघड केलं की एकट्या इलिनॉय राज्यात सुमारे आठशे लोकांवर पाळत होती, आणि त्यांत अॅडलाय स्टीव्हन्सन, जे नुकतेच सिनेटवर निवडून आले होते, तेसुद्धा होते. ज्या शपथेने ही माणसं गणवेशात गेली ती शपथ राज्यघटनेची होती. त्यांनी ती मोडली असं मला वाटत नाही. उलट, गणवेश उतरवल्यावरही ती चालू ठेवली.

लष्कराची पहिली प्रतिक्रिया मात्र माझ्यासारखीच होती. बाईंनी विचारल्यावर मी म्हणाले होते, “मी नाही लिहिलं एवढं.” वहीत माझंच अक्षर! तिकडंही आधी मौन, मग थोडी कबुली, मग होलाबर्डचा संगणकीय साठा नष्ट केल्याची घोषणा, आणि मग कळलं की दुसऱ्या ठिकाणी प्रती शिल्लक आहेत. एका वहीच्या किती प्रती निघतात हे वही लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मग सिनेटर सॅम अर्विन पुढं आले. उत्तर कॅरोलिनाचे म्हातारे वकील, भुवया नाचवत बोलायचे, स्वतःला खेड्यातला वकील म्हणवायचे. यांना पुरोगामी समजू नका. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या कायद्यांना त्यांनी सतत विरोध केला होता. ते मला आवडत नाहीत, आणि तरी या एका कामासाठी मी त्यांना नमस्कार करते. घटनेने नागरिकाला दिलेलं स्वातंत्र्य हा त्यांचा हट्ट होता. फेब्रुवारी-मार्च १९७१ मध्ये त्यांनी आपल्या उपसमितीपुढं सुनावण्या घेतल्या. विषय होता सरकारचे संगणकीय माहितीसाठे आणि नागरिकांचे हक्क. १९७१ साली! आपल्याकडे तेव्हा शाळेत सायक्लोस्टाइल यंत्र आलं तर बघायला गर्दी व्हायची.

त्या सुनावणीत अर्विन यांनी दोन वस्तू समोर ठेवल्या. एक घरातलं जाडजूड बायबल, आणि दुसरी जेमतेम दोन इंचांची मायक्रोफिल्म. त्या फिल्मवर तेवढंच सगळं बायबल उतरवलेलं होतं. मग त्यांनी चिमटा काढला, की याच हिशेबाने राज्यघटना टाचणीच्या टोकावर मावेल, आणि सरकारातल्या काहींनी ती बहुधा तेवढी केलेलीच आहे, म्हणून त्यांना ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

आता या प्रकरणातली एक गोष्ट, जी सुभेदारांना बरी वाटेल आणि मला वाटली नाही. सुनावणीत हेही पुढं आलं की लष्कराने हे सगळं आपल्याच लहरीने केलं नव्हतं. माहितीची मागणी वरून, मुलकी अधिकाऱ्यांकडून येत होती. न्याय खात्यापासून व्हाइट हाउसपर्यंत सगळ्यांना दंगलींचा अंदाज हवा होता. मागणारे बहुतेक तोंडी मागत, अहवाल आवडीने वाचत, आणि तो कसा मिळवला हे विचारत नसत. प्रकरण अंगाशी आल्यावर तेच म्हणाले, एवढा पसारा आम्हाला ठाऊक नव्हता. “आज कोण कोण?” एवढं विचारणारे बदली सर सगळीकडं असतात. म्हणून देखरेख म्हणजे फक्त सैनिकावर नजर नव्हे. सैनिकाला काम सांगणाऱ्याने ते लेखी सांगावं, आपल्या सहीने सांगावं आणि नंतर त्याचं उत्तर द्यावं, हा तिचा मोठा भाग आहे. त्याने जवानाचंच रक्षण होतं. नाहीतर शेवटी दोषी ठरतो तो कॅमेरा घेऊन फिरणारा हवालदार.

सुनावणी चालू असतानाच, १ मार्च १९७१ रोजी, संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांच्या खात्याने आदेश काढला. ज्यांचा लष्कराशी संबंध नाही अशा नागरिकांची आणि संस्थांची माहिती गोळा करायची नाही. मोजके अपवाद दिले, आणि चुकून आलेली माहिती नव्वद दिवसांत नष्ट करायची असं घातलं. हा चांगला आदेश होता. पण तो आदेशच होता, कायदा नव्हे. ज्याने काढला तो बदलूही शकतो.

दरम्यान काही नागरिक कोर्टात गेले होते. लेअर्ड विरुद्ध टेटम हा तो खटला. आमच्यावर पाळत आहे या जाणिवेनेच आम्ही गप्प बसतो, म्हणून हे थांबवा, असं त्यांचं म्हणणं. जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की नुसती भीती वाटणं पुरेसं नाही, प्रत्यक्ष काय नुकसान झालं ते दाखवा. आणि सरकारच्या अशा कामावर लक्ष ठेवणं हे संसदेचं काम आहे, आमचं नव्हे. पाचवं मत न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचं. हेच गृहस्थ वर्षभरापूर्वी सरकारी अधिकारी म्हणून अर्विन यांच्या सुनावणीत याच पाळतीचं समर्थन करायला आले होते. या खटल्यातून बाजूला व्हा अशी त्यांना विनंती झाली, ती त्यांनी लेखी उत्तर देऊन नाकारली. मी कायद्याची पदवीधर नाही, पण हे वाचून मी तो खंड आपटून बंद केला होता, आणि शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी दचकला होता.

नुकसान दाखवा म्हणे. वहीत नाव आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो नुकसान दाखवणार कसं?

कोर्टाने दार लावल्यावर सगळा भार संसदेवर आला. वॉटरगेट झालं, निक्सन गेले, आणि १९७५ च्या जानेवारीत सिनेटने फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. लोकांना आठवते ती त्यांची सीआयएवरची चौकशी. मला त्यातला महत्त्वाचा भाग वेगळा वाटतो. राष्ट्रीय सुरक्षा संस्था, एनएसए. ही संरक्षण खात्याची संस्था, तिचा प्रमुख कायम गणवेशातला अधिकारी, मुख्यालय फोर्ट मीडला. बाल्टिमोर-वॉशिंग्टन रस्त्यावर तिचा फाटा लागतो, मी हजारदा त्यावरून गेले असेन. ही संस्था १९५२ साली राष्ट्राध्यक्षांच्या एका गुप्त आदेशाने जन्माला आली. संसदेने तिचा कायदा केला नव्हता.

चर्च समितीने काय काढलं? १९४५ पासून तीन मोठ्या तारकंपन्या परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या तारांच्या प्रती गुपचूप लष्करी गुप्तवार्तावाल्यांना, आणि पुढं एनएसएला देत होत्या. वॉरंट नाही, काही नाही. तीस वर्षं! शेवटी शेवटी तर महिन्याला सुमारे दीड लाख तारा तिथले लोक चाळत होते. तारेने काय काय कळवलं जातं, हे आपल्या पिढीला सांगायला नको. मुलगा झाला, वडील गेले, पैसे पाठव. शिवाय नावांची एक वेगळी यादी होती, त्या माणसांचं परदेशाशी होणारं बोलणं टिपायचं. ऑक्टोबर १९७५ मध्ये एनएसएचे प्रमुख जनरल लू अॅलन यांना उघड सुनावणीत येऊन बोलावं लागलं. त्या संस्थेचा प्रमुख असा लोकांसमोर येऊन बसण्याची ती पहिलीच वेळ.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती. २०१३ साली त्या यादीतली काही नावं खुली झाली. मार्टिन ल्यूथर किंग होते, मुष्टियोद्धा मुहम्मद अली होते, विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड होते. आणि स्वतः फ्रँक चर्च होते. जो माणूस वही तपासत होता, त्याचंच नाव वहीत होतं, आणि तपासताना त्याला ते दाखवलं गेलं नव्हतं.

त्यानंतरची पाच-सात वर्षं भराभर सांगते, नाहीतर संयोजक घंटा वाजवतील. १९७६ मध्ये सिनेटची आणि पुढच्या वर्षी प्रतिनिधीगृहाची कायमस्वरूपी गुप्तवार्ता समिती झाली. संरक्षण खात्यात गुप्तवार्तेची तपासणी करणारं स्वतंत्र पद आलं. १९७८ मध्ये कायदा झाला, की हेरगिरीच्या संशयावरून देशात कुणाचं बोलणं ऐकायचं तर खास न्यायालयाची परवानगी घ्या. हे न्यायालय बंद दाराआड बसतं, तिथं सहसा सरकारी पक्षच बोलतो, आणि परवानगी नाकारल्याचे प्रसंग फार थोडे. याला काही लोक रबरी शिक्का म्हणतात. मी स्वतः आयुष्यभर शिक्के मारले आहेत, त्यामुळे मला एवढं ठाऊक आहे की शिक्का मारण्याआधी कागद कुणाच्या तरी टेबलावर यावा लागतो. एवढ्यानेही माणूस चार ओळी कमी लिहितो.

पण वही पुन्हा सुरू होते, हेही खरं. ११ सप्टेंबरनंतर संरक्षण खात्याने ‘टॅलन’ नावाचा माहितीसाठा उघडला. हेतू चांगला होता, छावण्यांवर हल्ला होऊ नये. २००५ च्या डिसेंबरमध्ये बातमी फुटली, की त्यात फ्लोरिडातल्या एका छोट्या गावात क्वेकर पंथीयांच्या प्रार्थनागृहात भरलेल्या युद्धविरोधी बैठकीची नोंद आहे. क्वेकर म्हणजे शस्त्र हातात न घेणारे लोक! १९७१ चा आदेश तेव्हा कागदावर शाबूत होता. २००७ मध्ये टॅलन बंद केलं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या हॅलोविनच्या मेजवानीत आणि या बैठकीत मला तरी काही फरक दिसत नाही. फरक एवढाच, की या वेळी बातमी आल्यावर दोन वर्षांत ते थांबलं. आधी कुणीतरी तपासलं होतं, म्हणून कुठं बोट ठेवायचं ते लोकांना माहीत होतं.

२०१३ चं तर सगळ्यांनाच आठवत असेल. मार्चमध्ये सिनेटच्या समितीत रॉन वायडन यांनी गुप्तवार्ता यंत्रणांच्या प्रमुखांना, निवृत्त लेफ्टनंट जनरल क्लॅपर यांना, थेट विचारलं, की कोट्यवधी अमेरिकनांची कुठलीही माहिती एनएसए गोळा करते का? उत्तर आलं, नाही. वायडन यांना खरं उत्तर ठाऊक होतं, कारण ते समितीचे सदस्य होते. आणि सदस्य होते म्हणूनच त्यांना ते उघड बोलता येत नव्हतं. तीन महिन्यांनी स्नोडेन प्रकरण फुटलं. गुपित ज्याला दाखवायचं त्याच्या तोंडाला कुलूपही घालायचं, ही या व्यवस्थेची दुखरी नस आहे, आणि तिच्यावर कुणाकडे औषध आहे असं मला सव्वीस वर्षांच्या वाचनात आढळलं नाही.

काल कुणीतरी विचारलंच, आपल्याकडे काय? थोडक्यात सांगते. आपली ‘रॉ’ १९६८ साली स्थापन झाली, पण तिच्यासाठी संसदेने कायदा केलेला नाही. फोन ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मर्यादा घातल्या, तेव्हापासून आदेशांची फेरतपासणी करणारी समिती आहे. केंद्रात तिचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव, म्हणजे सरकारच. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी गुप्तवार्ता यंत्रणांवर संसदीय देखरेख असावी म्हणून लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. त्यातून कायदा झाला नाही. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने गुप्तवार्तेच्या त्रुटी नेटाने दाखवल्या, आणि त्यातून लष्कराच्या तिन्ही दलांसाठी एकत्रित गुप्तवार्ता संस्था २००२ साली उभी राहिली. म्हणजे बाहेरच्या चार शहाण्या माणसांनी वही उघडली की जवानाचंही भलं होतं, हे आपल्याकडेही घडलेलं आहे. सुभेदारसाहेब, कारगिलला आपल्या जिल्ह्यातली किती पोरं होती हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. शत्रू डोंगरावर चढतोय हे बघायची नजर ज्यांच्याकडे हवी, त्यांना मुलांच्या मेजवानीत कुणी बसवू नये, एवढंच माझं म्हणणं. ते लष्कराविरुद्ध आहे असं तुम्हाला अजूनही वाटत असेल, तर दुपारी जेवताना भांडू.

बाईंनी नंतर काय केलं ते सांगायचं राहिलं. त्यांनी मॉनिटर बदलला नाही, वहीसुद्धा बंद केली नाही. मला वाटलं होतं आता आपलं काढून घेतील, पण नाही. दर शनिवारी शाळा सुटताना वही टेबलावर उघडी ठेवायची, आणि ज्याचं नाव असेल त्याने येऊन आपल्यापुरतं वाचायचं, चूक असेल तर बाईंना सांगायचं, असा नियम केला. पहिल्या शनिवारी रांग लागली. मी मान खाली घालून उभी. चौथ्या शनिवारपर्यंत माझं लिहिणं दिवसाला दोन ओळींवर आलं होतं.

ती मुलगी त्या रांगेत नव्हती. या मेळाव्याची नावांची यादी मी विमानात तीनदा वाचली. तिचं नाव नाही, कारण यादी दहावीच्या हजेरीपटावरून केलेली आहे आणि ती दहावीपर्यंत पोचलीच नाही. ती रेल्वे फाटकाच्या पलीकडच्या वस्तीत राहायची, वडील हमाली करायचे, भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान. नाव मी इथं माइकवर घेत नाही, एकदा पुष्कळ घेऊन झालंय. सातवी ब मधल्या कुणाला ती आठवत असेल, तिचं सासर कुठलं हे ठाऊक असेल, तर चहाच्या सुट्टीत मला गाठा. मी सोमवारपर्यंत गावात आहे.